उदयसिंग नायकांच्या दाढेची मोहीम

खोटे लिहीन तर माझीच दाढ किडो, ऐसी आण घेऊन लिहितो. शके अठराशे सत्त्याहत्तर, माघ मास, शेलूबाजारनजीकचा तांडा, तेथील राजमान्य राजश्री उदयसिंग नायक यांची खालची उजवी दाढ दगाबाज जाहली. कीड खिंडार पाडून आत ठाण मांडून बसली, आणि गोडाचा कण लागता ऐसी कळ उठे की जे नायक वाघास भीत नसत ते शिऱ्यास भिऊ लागले.

आणि मोका तो ऐसा की नायकांची कन्या ललिता इची सोयरीक अनसिंगकडील दौलतसिंग यांचे पुत्राशी जुळत होती. शिरस्ता ऐसा की सगाईस दोन्ही बापांनी भरसभेत गूळ खावा. हसतमुखे खाल्ला तर सोयरीक पक्की, आणि तोंड वाकडे केले तर बापाचे मन नाही ऐसे समजून पाहुण्यांनी गाड्या जुंपाव्या. मुलीस मुलगा पसंत, मुलास मुलगी पसंत. अडली ती दाढ.

मग शेलूबाजारच्या बाजारी रहमतुल्ला मिया दातवाले खुर्ची मांडून बसत, त्यांजकडे नायक दाखल जाहले. मियांनी पायाने फिरवावयाच्या यंत्राने खिंडार कोरिले, आणि चांदीचा चुरा पाऱ्यात खलून तो लगदा आत ठासला, आणि दोन दिवसांत त्याचा दगड जाहला. कीड गारद. येथे मोहीम संपावी, परंतु सुख मानवेल तर ते नायक कसले! ज्या मुखातून तांड्याचा न्याय निघतो त्यात नुसती चांदी हलकी दिसते, सबब समोरच्या वरल्या दाढेस सोन्याची टोपी चढवावी, ऐसे फर्मान सुटले. मियांनी अर्ज केला की चांदीसमोर सोने बसविल्यास लाळेत दोन्ही एकमेकांस लागताच झटका बसतो. अर्ज नामंजूर. सगाईचे सकाळी टोपी चढली, आणि ती सर्वांस दिसावी म्हणून नायकांनी दोन प्रहरपर्यंत तोंड मिटलेच नाही, त्यामुळे झटका काय तो कळलाही नाही.

मग सभा भरली. मियांसही निमंत्रण होते. हा लेखकही हजर, गुळावर नजर ठेवून. दौलतसिंगांनी आपला खडा खाल्ला. नायकांनी आपला मुखी घालून दाढेखाली दाबला मात्र, सोने चांदीस भिडले, आणि नायक किंचाळून हातभर उडाले आणि गूळ थेट व्याह्यांचे पागोट्यावर जाऊन बसला. दौलतसिंग उठले आणि गाड्या जुंपण्याचा हुकूम दिला. ललिता बायकांत बसली होती, तिचे तोंड पांढरे पडले.

नायक गाल धरून बसले. तेव्हा त्यांचे कुटुंब धनीबाई पुढे येऊन म्हणाल्या, "दौलतसिंगजी, यायचं मन साफ हाय. तोंडात खाली चांदी, वर सोनं. दोघं लागले का झटका बसते. मानूस काय करीन?"

"मंग सोनं काढा," दौलतसिंग म्हणाले, "अन् गूळ खाऊन दाखवा."

नायकांनी टोपीवर जीभ फिरविली. सोन्याची हौस आयुष्याची, आणि मिरविणे अर्ध्या दिवसाचे! एकवार सभेकडे पाहिले, एकवार लेकीकडे, आणि मग मियांपुढे आ वासून बसले. मियांनी चिमटा लावून टोपी उपटली आणि धनीबाईंनी ती कनवटीस लाविली.

मग गुळाचा दुसरा खडा आला. नायकांनी तो चावला. काही जाहले नाही. आणखी एक मागून घेतला, तोही चावला, आणि हसले. दौलतसिंगांनी उठून आलिंगन दिले, गाड्यांचे बैल सुटले, डफड्यावर थाप पडली. येणेप्रमाणे सोयरीक पक्की होऊन मोहीम फत्ते जाहली, ती येथे नमूद केली. तिसरा खडा चावताना नायकांचे डोळ्यांस पाणी आले. दुखते काय, म्हणोन मियांनी वाकून पुसिले.

"दाढ नाही दुखत," नायक म्हणाले. "पोरगी चालली."