धोंडबाची प्रौढ शैली

एका जंगलात, पोरांनो, धोंडबा नावाचा रेडा होता. "डबस्टेप म्या काढली," असं तो भेटेल त्याला सांगे. आणि पुढच्याच दमात म्हणे, "म्हणजे, सर्दी झाली होती."

खरंच झाली होती. चोंदलेलं नाक डबक्यात बुडवून तो हंबरला आणि पाण्यातून "व्वॉब, व्वॉब, व्वॉब" असं काहीतरी निघालं. जमीन हादरली. सशांची पोटं हादरली. रानडुकरं नाचायला लागली. शहर बघून आलेल्या माकडानं सांगितलं, शहरात असल्या दणदणत्या संगीताला डबस्टेप म्हणतात. सगळ्यांना पटलं. डबक्यात टाकलेली स्टेप, ती डबस्टेप. यात न पटण्यासारखं काय आहे?

सिंहानं ते डबकं धोंडबाला स्टुडिओ म्हणून देऊन टाकलं. अट एकच, आवाज असेतोवर. जंगलात डबकं तेवढं एकच. धोंडबाची बायको भिंगरी त्यातच बसायची. आता ती काठावर उन्हात उभी राहू लागली. स्टुडिओत घरच्यांना बसता येत नाही, असं धोंडबानं तिला समजावलं.

मग घात झाला. सर्दी बरी झाली. "व्वॉब" गेलं, नुसतं "आँय" उरलं. धोंडबा वाऱ्यात बसला, दवात लोळला. साधी शिंकसुद्धा येईना.

तेवढ्यात जत्रा आली. सिंह पुढं बसला. सुतारपक्षी टकटक करू लागला. आधी हळू, मग जलद, मग फारच जलद. इथं धोंडबानं हंबरायचं, अशी रीत. त्याला ते ड्रॉप म्हणत. सगळ्यांनी श्वास रोखला. डबकं जाणार या भीतीनं धोंडबाचं तोंडच उघडेना.

जंगलाचे समीक्षक म्हणजे उलटेराव वटवाघूळ. उलटे टांगलेले असल्यानं पडलेलं सगळं त्यांना चढलेलं दिसे. ते गहिवरून म्हणाले, "ही प्रौढ शैली. आता आवाजाचीही गरज उरली नाही."

कळलं नाही असं कोण म्हणणार? आधी सिंहानं मान डोलावली, मग सगळ्यांनी. डबकं कायमचं धोंडबाच्या नावावर झालं.

तात्पर्य: आवाज गेला तर गप्प बसावं, लोक त्याला प्रगती म्हणतात.

हे तात्पर्य धोंडबानं गळ्यापर्यंत पाण्यात बसून भिंगरीला ऐकवलं. वर विचारलं, "कशी वाटली नवी शैली?"

भिंगरी उन्हातून म्हणाली, "जुनीच आहे की. 'जरा सरका' म्हटलं की रोज हीच वाजवता."