टाकीतला भंडारा

निलेशभाऊंनी भंडाऱ्याचं पोतं ग्रामपंचायतीच्या टेबलावर आदळलं आणि पिवळी धूळ उडून हजेरीच्या रजिस्टरवर बसली. समोर वॉल्व्हची चावी पुसत गोरख बसला होता. "हे टाकीत सोड," भाऊ म्हणाले.

जिल्हा परिषदेच्या मतदानाला आठ दिवस उरले होते. भाऊ उमेदवार. पंधरा दिवस ते माणसांना धरून धरून खंडोबाच्या देवळात नेत होते आणि बेलभंडारा उचलायला लावत होते, मत तुम्हालाच म्हणून. एकदा भंडारा उचलला की माणूस शब्द फिरवत नाही. भाऊंचा लोकांच्या श्रद्धेवर फार विश्वास, कारण स्वतःच्या कामावर ठेवण्यासारखा नव्हताच. पण निम्मं गाव देवळात फिरकलं नाही. कुणी कंपनीत शिफ्टला, कुणी मुद्दाम, आणि बौद्धवस्ती तर येणारच नव्हती. मग भाऊंनी डोकं चालवलं. लोक भंडाऱ्याकडे येत नाहीत ना, मग भंडाराच नळातून लोकांकडे धाडायचा. पाणी प्यायलं की शपथ पोटात.

गोरख त्या बौद्धवस्तीतलाच, गावाचा पाणीवाला. चौदा वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करायची फाईल वडगावला पंचायत समितीत पडून होती आणि एका तक्रारीने ती कायमची झोपली असती. तरी तो बोलला.

"भाऊ, टाकीत फकस्त टीसीएल पडतं. जंतू मारायची पावडर. दुसरं काय बी पडायचं न्हाई."

"देवाचा भंडारा म्हंजी जंतू व्हय रे?"

"देवळात हाय तवर भंडारा. टाकीत पडला की घाण."

भाऊ नुसते हसले. त्यांच्या मागेमागे फिरणाऱ्या कार्यकर्त्या संदेशने पोतं खांद्यावर मारलं. दोघं निघून गेले.

सकाळी सहाला गोरख टाकीवर चढला, तर झाकण उघडं आणि पाणी पिवळंधम्मक. हळदीचा वास नाकात भरला. टाकी रिकामी करावी तर दुपारपर्यंत वीज नव्हती, म्हणजे पुन्हा भरता येणार नव्हती. त्याने विचार केला, टीसीएल सदऱ्यावर सांडलं तर सदऱ्याचा रंग घालवतं, मग पाण्याचा का नाही घालवणार? त्याने अख्खी बादली ओतली. पाणी पांढरं व्हायचं सोडून लालभडक झालं. पाणी गावात जाऊ नये म्हणून तो खाली धावला, पण त्याने पायथ्याशी ठेवलेल्या चावीने संदेशने वॉल्व्ह आधीच सोडला होता आणि चावी घेऊन पसार झाला होता.

साडेसहाला घरोघरी नळातून लाल पाणी आलं. भाऊ आधी टरकले. मग त्यांच्या ध्यानात आलं की, गाव नळापुढे हात जोडून उभं आहे. सातला त्यांची प्रचाराची रिक्षा भोंगा लावून फिरायला लागली. खंडेरायाच्या भंडाऱ्याचं म्हाळसाईनं कुंकू केलं, भाऊंना कौल मिळाला, असं ती ओरडत सुटली. नऊपर्यंत कामशेतहून लोक कॅन घेऊन आले. टाकीच्या शिडीला हार चढला. पायथ्याशी नारळाचं दुकान लागलं. प्यायला घोटभर पाणी नव्हतं आणि अंगणवाडीत दोन पोरांना उलट्या झाल्या. ती बातमी मात्र भोंग्यात मावली नाही.

अंगणवाडीच्या बाईंनी तक्रार केली. अकराला वडगावहून निवडणुकीचं भरारी पथक आलं. प्रमुख होत्या अनघा मॅडम. टाकीखाली पंचनाम्याचा कागद पसरून त्यांनी विचारलं, पाण्यात काय पडलं आणि कुणी टाकलं? भाऊंनी सरळ गोरखकडे बोट केलं.

"पाण्याचं काम ह्याचं. आन् हा आपला देव मानत न्हाई. ह्यानंच भंडारा बाटवला."

कालपर्यंत ज्यांनी गोरखला चहा पाजला होता, ती माणसं त्याच्याकडे अशी बघायला लागली की जणू तो आजच गावात आला. फाईल गेली, रोजगारही गेला, हे गोरखला कळून चुकलं. मग भ्यायचं कशाला?

"चौदा वर्षं ह्याच हातचं पाणी पिताय तुमी," तो म्हणाला. "ते आजच बाटलं व्हय?"

तेवढ्यात मागून कस्तुराबाई काठी टेकत पुढे आल्या. दर रविवारी अनवाणी खंडोबाला जाणारी बाई.

"माझी सासू घरी कुंकू करायची," त्या म्हणाल्या. "हळदीत चुना घातला की झालं कुंकू. गोरख टाकीत टाकतोय त्या पावडरीत बी चुना असतोय. ह्यात म्हाळसाई कुटं आली? निलेश, मतं मागायची तर कामावर माग. देवाला तुझ्या प्रचाराला जुंपू नगंस."

अनघा मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "साहेब, देवीने केलं म्हणत असाल, तर देवाच्या नावावर मतं मागितल्याचं लिहिते. भोंग्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. माणसाने केलं म्हणत असाल, तर सरकारी पाण्यात भेसळ. मग त्या माणसाचं नाव सांगा. काय लिहू?"

भाऊंनी देवळाच्या कळसाकडे पाहिलं, मग संदेशकडे. कळसापेक्षा संदेश स्वस्त होता.

"देवाचा काय बी संबंध न्हाई, मॅडम," भाऊ सगळ्या गावासमोर म्हणाले. "साधं रसायन हाय. शाळेत शिकिवत्यात. पोतं संदेशनं वतलं, मला न इचारता." आणि त्यांनी सही ठोकली.

लोकांनी एकेक करून कॅन गटारात उपडे केले. भाऊंसाठी गावात पहिला भंडारा उचलला होता संदेशने. तो पथकाच्या जीपमध्ये बसताना भाऊंकडे बघतच राहिला.

भोंग्याबद्दल पथकाने धाडलेल्या नोटिशीला भाऊंच्या वकिलाने उत्तर दिलं की, रिक्षा भाऊंची नव्हे, भक्तांची होती. भाऊ दोनशे मतांनी निवडून आले. त्यांनी वडगावला पहिली फाईल मागवली ती गोरखची. चौथ्या दिवशी गोरखच्या हातात कागद पडला: नेमून दिलेल्या प्रमाणापेक्षा जादा टीसीएल का वापरले, याचा चोवीस तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कायम करण्याचा प्रस्ताव रद्द होईल.

ग्रामसेवक म्हणाले, नजरचुकीने झालं असं लिही, माफी माग, मिटव. गोरखने पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं:

"टाकीत भाऊंचा प्रचार पडला होता. तो नेहमीच्या मापाने मरत नाही."