पारखेकाकांची हरकत

लग्न कुणाचंही असो, पारखेकाका जेवणाकडे बघत नाहीत, नवरीच्या तोंडाकडे बघतात. पहिल्या रांगेतली खुर्ची धरायची, उजव्या कानामागं हात लावायचा आणि नवरीचे ओठ कधी हलतात याची वाट बघायची. चर्चमधलं लग्न असेल तर एकवेळ ठीक आहे. पण माझ्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी पहिल्या मंगलाष्टकासाठी छाती भरून श्वास घेतलेला, आणि हे उठून म्हणाले, "एक मिनिट. पोरीला इचारलं का?"

भटजींनी विचारलं, "काय विचारायचं?"

"राजी हाय का न्हाई ते."

अंतरपाटामागून पुतणीच हसत म्हणाली, "हाय काका, राजी हाय. मीच पसंत केलंय."

"आवाज आला," काका म्हणाले. "चालू द्या." आणि बसले. भटजींनी आधीचा श्वास सोडला आणि नवा घेतला.

शमुवेल पारखे हे मानवतमधले माझे शेजारी. आमच्या दोन अंगणांत कमरेएवढी भिंत आहे. त्यांच्या आणि माझ्या बऱ्याच गप्पा तिच्यावर कोपरं टेकवूनच झाल्या. मी शाळेत भूगोल शिकवतो. ते एस.टी.त कंडक्टर होते. आता रिटायर होऊन चर्चच्या पंचमंडळात आहेत. पण त्यांच्यातला कंडक्टर काही रिटायर झालेला नाही.

नोकरीतसुद्धा त्यांची एक तऱ्हा होती. नवऱ्यानं "दोन परभणी" म्हणून पैसे पुढं केले तरी ते एकच तिकीट फाडायचे, आणि मग बाईकडं वळून विचारायचे, "ताई, तुमाला कुठं जायचं?" नवरे चिडायचे. काका म्हणायचे, "तुमचं तिकीट झालं. आता मी त्येंच्याशी बोलायलोय." बहुतेक बायका लाजून "परभणी" म्हणायच्या. पाथरीहून निघालेल्या एका गाडीत मात्र एक बाई म्हणाली, "मानवत. माहेर हाय माझं." आणि मानवतला खरंच उतरून गेली. नवरा परभणीपर्यंत काकांशी भांडत गेला, मग त्यानं लेखी तक्रार केली. साहेबांनी बोलावून विचारलं, तर काका म्हणाले, "साहेब, ज्याचा प्रवास त्येनं सांगावं. ह्यात माझं काय चुकलं?"

हेच सगळं त्यांनी चर्चमध्ये आणलं.

ख्रिस्ती लग्नाला काय लागतं हा त्यांचा आवडता विषय. भिंतीपाशी आलं की सुरू. "सर, अंगठी लागत न्हाई. केक लागत न्हाई. पांढरा झगा तर आत्ता आत्ता आला, आमच्या आयांनी नऊवारीतच लग्नं लावली. दोघं मोकळे पायजेत, म्हणजे पैली बायको, पैला नवरा कुठं जिता ठिवलेला नको. जवळचं नातं नको. जल्मभराचं वचन पायजे, दोन साक्षीदार पायजेत. अन् सगळ्यात मोठं म्हणजे दोघं आपल्या मनानं राजी पायजेत. ह्ये नसलं तर पाळकानं किती बी प्रार्थना करू द्या, लग्न झालंच न्हाई. बाकी सगळं डेकोरेशन."

एकदा हेच त्यांनी पाळकसाहेबांना ऐकवलं. पाळक म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू. तरुण, सभ्य माणूस. ते बोलता बोलता म्हणाले, "या मोसमात मी अकरा लग्नं लावली." काका म्हणाले, "साहेब, लग्न तुमी लावत न्हाई. लग्न ती दोघं एकमेकाशी लावतात. तुमी फकस्त तिकीट फाडता." पाळकसाहेब हसले. त्यांच्या बायकोला मात्र ते आवडलं नाही. चर्चमध्ये भेटल्यावर सगळे एकमेकांना सलाम करतात, पण चार रविवार तिनं काकांना तो केला नाही.

त्यांच्याकडं लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. 'कोणाची हरकत असल्यास कळवावे' असं पाळक म्हणाले, की अख्खी मंडळी पारखेकाकांकडं वळून बघते. कारण काका ती विनंती मनावर घेतात. एस.टी.चा पास खिशात असतोच. नवरदेवाच्या गावी जायचं, पानटपरीवर बसायचं, चौकशी करायची. एकदा एका दोस्ताच्या पोरीच्या निकाहाला गेले होते. तिथं नवरीला साक्षीदारांसमोर कबूल आहे का म्हणून तीनदा विचारलं, तर हे खूश होऊन आले. "तीनदा, सर! आपल्याकडं एकदा इचारतात, त्ये बी घाईत."

असा माणूस. लोक हसायचे, थोडे वैतागायचे, पण लग्नाला बोलवायचे.

गेल्या मे महिन्यात सलोमीचं लग्न होतं. सलोमी माझी विद्यार्थिनी, आमच्याच गल्लीतली. मुलगा जालन्याचा, औषधांच्या दुकानात नोकरीला. चर्च भरलेलं, पंखे गरम हवा इकडून तिकडं ढकलत होते, आणि बाहेरच्या मांडवातून बिर्याणीचा वास आत येत होता. मी मागच्या बाकावर होतो. पाळकसाहेबांनी मुलाला विचारलं. तो "होय" म्हणाला. मग सलोमीला विचारलं, "तू या पुरुषाला आपला पती म्हणून स्वीकारतेस काय?"

सलोमीनं मान हलवली. पाळकसाहेब पुढं वाचायला लागले.

"साहेब, आवाज आला न्हाई," पहिल्या रांगेतून काका म्हणाले.

पाळकसाहेबांनी परत विचारलं. सलोमीनं परत मान हलवली, पण मला मागूनही दिसलं की ती मान होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती. तेवढ्यात तिची मावशी मधूनच ओरडली, "होय म्हणली! म्या ऐकलं, होय म्हणली!"

काका तिच्याकडं वळले. "मावशी, लग्न तुमचं हाय का?"

चर्चमध्ये हशा पिकला, पण तो लगेच विरला. कारण सलोमी रडायला लागली होती. तिचा बाप उठला, काकांच्या अंगावर धावून आला. "पारखे, तुमी गप बसा! माझ्या पोरीचं वाटुळं करायलाव का?" दोघातिघांनी त्याला धरला. काका उभेच होते. त्यांचाही चेहरा पडला होता. ते हळू म्हणाले, "बाळा, न्हाई म्हणलीस तरी चालतंय. पण तूच म्हण."

सलोमीनं डोळे पुसले. "माझं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर शिकायचं नाही असं ठरलंय म्हणे. ते कुणी ठरवलं मला माहीत नाही."

सगळे नवरदेवाकडं बघायला लागले. तो बिचारा घामानं भिजला होता. "मला बी माहीत नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, तुलाच शिकायचं नाही."

मग चर्चमध्ये, भर लग्नात, वेदीसमोरच बैठक बसली. दोन्हीकडचे चार-चार लोक, पाळकसाहेब, आणि मध्ये ती दोघं. मुलाची आई म्हणाली की तिनं ते बोलता बोलता म्हटलं होतं, पोरीला शिकायचं असेल तर शिकू दे. अर्धा तास गेला. आचारी दोनदा दारात येऊन डोकावून गेला. शेवटी सगळे जागेवर बसले, पाळकसाहेबांनी पहिल्यापासून विचारलं, आणि सलोमी "होय" म्हणाली ते असं, की बाहेर मांडवातला आचारी म्हणाला, "झालं वाटतं."

बिर्याणी गार झाली होती. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, काका कालची लढाई सांगायला भिंतीपाशी येतील. शाळेला सुट्टी होती, मी चहा घेऊन वाट बघत बसलो. ते आले, पण दाढी न करता. दोन्ही कोपरं भिंतीवर टेकवली.

"काका, बरं नाही का?"

"सर, मी चाळीस वर्सं विनातिकीट प्रवास केला."

मला काही कळेना. मग हळूहळू बाहेर आलं. काल चर्चमधून घरी येताना मार्थाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सहज म्हणाल्या होत्या, "माझ्या टायमाला कुणी असं उठलं असतं, तर बरं झालं असतं."

काका रस्त्यातच थांबले. म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे काय? पिंगळीच्या चर्चात माझं होय माझ्या आत्यानं म्हणलं. मी तोंड उघडलंच न्हाई. तुमी बाजूला उबं होता, तुमाला कळलं न्हाई?"

काकांना कळलं नव्हतं. त्यांच्या गळ्यात हार होता, टाय आवळलेला होता, आणि आपली लाज लपवण्यातच सगळं ध्यान गेलं होतं.

ते पाळकसाहेबांकडंही जाऊन आले होते. पाळकसाहेबांनी समजावलं, की काका, चाळीस वर्षं त्या तुमच्याबरोबर नांदल्या, दोन लेकरं वाढवली, तुमच्या आजारपणात रात्रंदिवस बसल्या. मन नंतरही राजी होतं, आणि चर्च ते मानतं. नोंदवहीत लग्न पक्कं आहे. काका मला म्हणाले, "त्येंचं बरोबर हाय. पण तिला इचारलं कुणी? पाळकाला इचारून मला काय कळणार?"

"मग काकूंनाच विचारा."

"इचारलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आठ दिवस द्या. इचार करून सांगते."

ते आठ दिवस मी भिंतीपलीकडून बघितले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण मुलगी बघायला आलेल्या पोरासारखा वागायला लागला. रोज दाढी. इस्त्रीचा शर्ट, तो घरात. सकाळी अंगण स्वतः झाडायचे. एकदा काकूंना आवडतात म्हणून बाजारात रामफळं शोधायला निघाले. मे महिन्यात रामफळं कुठून मिळणार, तर खरबूज घेऊन आले आणि रामफळ न मिळाल्याची माफी मागत बसले. स्वयंपाकघरात जाऊन विचारायचे, "काय मदत करू?" काकू म्हणायच्या, "बाहेर बसा, हीच मदत." पुण्याहून लेकीचा फोन आला, बाबा असं का वागायलेत म्हणून. काकूंनी सांगितलं, "काई न्हाई. मला बघायला पाव्हणे आलेत."

मला मात्र काळजी वाटत होती. काकू कमी बोलणाऱ्या. त्या नको म्हणाल्या तर ह्या माणसाचं काय होईल?

आठव्या दिवशी सकाळी काकू ओट्यावर गवारीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. काका पायरीवर होते. मी पेपर तोंडासमोर धरला होता आणि त्यातलं एक अक्षर वाचत नव्हतो.

"त्या टायमाला इचारलं असतं, तर मी न्हाई म्हणले असते," काकू शेंगेकडं बघत म्हणाल्या. "तुमाला न्हाई. तुमी कोण, मला कुठं माहीत होतं? लग्नालाच न्हाई म्हणले असते. मला दहावी करायची होती."

काका एक पायरी वर सरकले.

"थोरली झाली तवाबी मी राजी नव्हते. तुमी पाथरीला मुक्कामी असायचे, इकडं सासूबाई बोलायच्या, तवा तर न्हाईच. मग कदी झाले त्ये मलाच कळलं न्हाई." त्यांनी शेंगेचं टोक मोडलं. "आता इचारायलाव म्हणून सांगते. राजी हाय."

काका उठले आणि घरात गेले. बाहेर आले तेव्हा खांद्यावर टॉवेल होता, डोळे लाल होते. मी विचारलं नव्हतं, तरी भिंतीकडं बघून म्हणाले, "तोंड धुवायलो होतो, सर. नळाला लय गरम पाणी यायलंय. डोळ्याला लागलं."

आमच्या गल्लीत नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. मी पेपर वाचत राहिलो. काकूंनी निम्म्या शेंगा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या आणि दोघं गवार निवडत बसले.