रेबेलो साहेबांचा डावा हात

रोहिदास मास्तर हर्षालीला मागणी घालायला आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स नव्हता, कॅसेट होती. हर्षालीच्या बापाने, पंढरीबुवांनी, ती उलटसुलट करून पाहिली. दोन्हीकडे देवाचा फोटो नव्हता.

"ह्यात काय हाय?"

"फर्मिन रेबेलो," रोहिदास म्हणाला आणि नाव घेताना त्याने नकळत कानाच्या पाळीला हात लावला. "जॅझ वाजवतात."

"झांज? झांजांचे चार जोड हायेत आपल्या भजनात."

"झांज नाही बुवा, जॅझ. पियानोवर वाजवतात."

पंढरीबुवा जव्हारच्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण ते आपलं पोटापुरतं. खरे ते पेटीवाले. जव्हार ते मोखाडा त्यांच्या पेटीशिवाय भजन उभं राहत नसे. त्यांचं एकच व्रत होतं : सुराच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही. मेव्हण्याच्या लग्नात मेव्हणा गायला तेव्हा त्यांनी मांडवातच सांगितलं होतं, "बेसूर." तेव्हापासून लोक त्यांना फार मान देत आणि त्यांच्यासमोर गात नसत.

कॅसेट लावली. बुवा मान तिरकी करून ऐकू लागले. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा डाव्या हातानं काय करतो?"

"वाजवतात की."

"मग भाता कोण मारतं?"

"पियानोला भाता नसतो, बुवा."

उजवा हात सुरांना, डावा भात्याला, ही वाटणी त्यांच्या लेखी सूर्यचंद्रांच्या वाटणीइतकी पक्की होती. इथे दोन्ही हात मोकाट सुटले होते आणि एक पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला निघाला होता.

"ह्याचा एक हात दुसऱ्याचं ऐकत नाय," त्यांनी निकाल दिला. "आणि असल्या माणसाला तू देव मानतोस. तुझ्या घरात नवराबायकोचं जमायचं कसं?"

"आपल्या घरात कोण कोणाचं ऐकतं? झालाच ना संसार?" आतून जयवंतीबाई म्हणाल्या. त्या बुवांच्या पत्नी होत्या आणि त्यांनी विचारायच्या आधीच चहा टाकला होता.

रोहिदासने शेवटचा प्रयत्न केला. "बुवा, नुसतं जॅझ नाही, पिक्चरचं संगीत पण देतात ते. पिक्चरमध्ये बाई रडते, ते तुम्हाला दिसतं. पण तुम्ही रडता ते रेबेलो साहेबांमुळे. पाठलाग असो, पाऊस असो, कुणाचं मरण असो, तोच माणूस, तेच दोन हात. आणि दर वेळी वाटतं, ह्यानं जन्मभर हेच एक केलं असणार."

"मी पिक्चर बघून रडत नाय."

"रडतात," आतून आवाज आला.

बुवा उठून उभे राहिले. "आण त्याला इथं. माझ्यासमोर वाजवू दे. त्याच्या दोन हातांत मिळून मला एक जरी सूर सापडला तर पोरगी दिली. नाय सापडला तर तू आणि तुझी झांज."

दाराआड उभ्या हर्षालीने बापाकडे असं पाहिलं, जसं न थांबता गेलेल्या एसटीकडे बघतात. बुवा मात्र निर्धास्त होते. मुंबईचा पिक्चरवाला घाट चढून जव्हारला कशाला मरायला येतोय?

पण तो आला. एका पिक्चरसाठी त्याला तारपा, आदिवासींचं ते फुंकायचं भोपळ्याचं वाद्य, ऐकायचा होता, म्हणून तो पोशेरा गावी पुंजा नावाच्या तारपावाल्याकडे गेला. पुंजाच्या तारप्यासारखा तारपा साऱ्या मोखाड्यात नव्हता. परतताना रेबेलो साहेबांच्या जीपसमोर एक मास्तर आडवा उभा राहिला आणि त्याने आपल्या लग्नाचा प्रश्न मांडला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाजवतो. पण पियानो पाहिजे."

जव्हारात पियानो नव्हता. मोखाड्याचा लक्ष्या मात्र होता. लक्ष्याची बेंजो पार्टी हळदी गाजवायची.

"पियानो म्हणजे आपला कॅसिओच," तो रोहिदासला म्हणाला. "नुसता लाकडात बसवायचा."

त्याने प्लायवूडची पेटी ठोकून त्यात कॅसिओ बसवला आणि वर पॉलिश मारलं. लांबून अगदी पियानो वाटत होता. जवळ गेल्यावर पट्ट्यांवर हळदीचे डाग दिसत आणि एका ठरावीक पट्टीला हात लागला की कुत्रा भुंके. त्यातले सेल लक्ष्याने पूर्वीच आपल्या टेपला घातले होते, तेव्हा सगळी मदार विजेच्या पिनेवर होती. रेबेलो साहेबांनी आल्या आल्या वाद्य तपासायला नेमकी तीच पट्टी दाबली. कुत्रा भुंकला. साहेबांनी मान डोलावली. "सुरात हाय," ते म्हणाले.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी ठेवला होता. पैजेची बातमी आधीच गावभर झाली होती, त्यामुळे जॅझशी काही देणंघेणं नसलेले लोकही लग्न ठरतंय की मोडतंय ते बघायला दाटीवाटीने बसले होते. पहिल्या रांगेत तालुक्याचे एक बडे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून होते. बुवा निवाडा करणार, म्हणून त्यांची खुर्ची थेट स्टेजवर, कॅसिओच्या बाजूलाच होती. भजनाच्या सवयीने त्यांनी चपला खाली काढल्या होत्या. त्यांच्या पायाशी विजेचा बोर्ड होता.

रोहिदासने माइक हातात घेतला. "रेबेलो साहेबांचं खरं वादन सुरांत नाही," तो वर्गात सांगावं तसं सांगू लागला. "दोन सुरांच्या मधे जी मोकळी जागा असते ना, तिथं आहे. त्यामुळे जिथं काही ऐकू येणार नाही, तिथं जास्त लक्ष द्या."

लोकांनी माना डोलावल्या. परीक्षेत विचारतील की काय, असे चेहरे झाले होते.

साहेबांनी सुरुवात केली ती पुंजाच्या तारप्याच्या चालीने. सगळ्यांच्या ओळखीची चाल. लोक हसले, सैल बसले. मग तिच्याखाली हळूच डावा हात आला. चाल तीच होती, पण आता ती वेगळ्याच वाटेने निघाली होती. एकदा ती हळदीत जाऊन आली, एकदा मयताला, एकदा पिक्चरमधल्या पोलिसांच्या मागे धावली, आणि दर वेळी घरी परतली ती हसत. हळदीचे डाग पडलेल्या त्या कॅसिओतून असं काही निघू शकतं, हे लक्ष्यालाच माहीत नव्हतं. तो स्वतःच्या वाद्याकडे परक्यासारखा बघत होता.

आणि पंढरीबुवांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

बुवांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो थांबला. नजर वळताच पुन्हा हलला. बुवांना घाम फुटला. असंच आणखी थोडं चाललं तर सूर सापडणार होता, आणि एकदा सापडला की 'नाय सापडला' म्हणणं त्यांना ह्या जन्मी शक्य नव्हतं. मुलगी जाणार ती जाणार, वर घरात ती कॅसेट येणार. म्हणजे सूर सापडायच्या आतच वादन थांबवायला हवं होतं.

त्यांनी पेटीवाल्यासारखा विचार केला. ह्या बाजाचा भाता कुठला? वीज. भाता बंद, बाजा बंद. त्याच बेइमान अंगठ्याने आणि शेजारच्या बोटाने त्यांनी बोर्डातली कॅसिओची पिन धरली आणि ओढली.

आवाज बंद झाला. पंखे मात्र फिरत होते, माइकही चालू होता, त्यामुळे लाइट गेली असं कुणाच्या मनातही आलं नाही. साहेबांची बोटं मात्र चालूच राहिली. त्यांनी एकदा पट्ट्यांकडे पाहिलं, एकदा हॉलकडे पाहिलं. सगळा हॉल पुढे झुकला होता. मास्तरांनी सांगितलेली मोकळी जागा आली होती.

कुणी खोकलं नाही. बड्या साहेबांनी डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "वा." मग मागच्या रांगांनीही हळूच 'वा' केलं. लक्ष्याने सगळी बटणं फिरवून पाहिली, कपाळावरचा घाम पुसला, आणि आपला कॅसिओ मेला हे गावासमोर कबूल करण्यापेक्षा हात जोडून बसणं त्याला बरं वाटलं. रोहिदासच्या तर डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"अरे, पिन निघालेय!" असं ओरडायला बुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचा प्रश्न सरळ होता : पिन कोणी काढली?

आता बघत बसण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून ते हात बघू लागले. आवाजाची गडबड नसल्यामुळे हात एकदम स्वच्छ दिसत होते. डावा हात चालत होता. सूर्यमाळच्या उतारावरून डोक्यावर हंडा घेऊन बाई उतरते तसा. घाई नाही आणि थेंब सांडत नाही. उजवा होता तिच्या पोरासारखा. पुढे पळायचा, करवंदं तोडायचा, मागे राहायचा, झुडपाआड लपायचा. पण कितीही हुंदडला तरी आईच्या नजरेच्या टप्प्यात. आणि बुवांच्या लक्षात आलं की डावा त्याच्यासाठी मधूनच पाऊल लांबवतोय. वाट बघतोय. एक हात दुसऱ्याचं ऐकत नाही? हे तर इतकं ऐकत होते, की बुवांना आपल्याच संसाराची थोडी लाज वाटली.

मग त्यांना ऐकू येऊ लागलं.

पहिल्यांदा त्यांना वाटलं भास आहे. पण भास इतका सुरात नसतो. बोट पट्टीवर पडायचं आणि सूर बुवांच्या छातीत वाजायचा. ते मागचं सगळं विसरले, पैज विसरले, पोरगी विसरले. आता चाल घाट चढत होती, दोन्ही हात जवळ जवळ येत होते, पोर आईकडे धावत सुटलं होतं आणि सम समोर दिसत होती. साऱ्या हॉलने श्वास धरला. आणि ती सम ह्या मेलेल्या डब्यावर मुकी पडणार!

हे त्यांच्यातल्या पेटीवाल्याला सहन होईना. बुवा खुर्चीतून खाली वाकले, दोन्ही हातांनी पिन धरली आणि बोर्डात खुपसली.

धाडकन सम आली. बुवांच्या छातीत जो सूर वाजत होता, तोच. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

हॉल उठून उभा राहिला. बुवा बोर्डापाशी तसेच उकिडवे बसून होते आणि त्यांच्या अंगावरचा काटा जात नव्हता. लोकांना वाटलं, बुवा साहेबांच्या पाया पडतायत. त्यामुळे टाळ्या आणखी वाढल्या.

रोहिदास माइक घेऊन आला. "बुवा, सूर सापडला का?"

हर्षालीने आईचा हात घट्ट धरला. बुवांनी लेकीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. 'नाय' हा शब्द तयार होता. पण तो सुराच्या बाबतीतला असल्यामुळे बाहेर येईना.

"सापडला," ते म्हणाले.

"कुठं सापडला, बुवा?"

बुवा चाचरले. "मधे... ते शांत होतं ना, तिथं."

"मलाही तिथंच!" बडे साहेब पुढून ओरडले. जयवंतीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा ह्यांचे डोळे. पिक्चर बघून रडत नाय म्हणतात."

चहापाणी शाळेच्या मास्तरांच्या खोलीत होतं. बुवा एका बाकावर अंग चोरून बसले होते. रेबेलो साहेब बशी घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसले.

"बुवा, मी हॉटेलात वाजवतो तेव्हा लोक चमचे वाजवतात," साहेब म्हणाले. "पिक्चरमध्ये वाजवतो तेव्हा हिरोईन रडते, सगळे तिलाच बघतात. इतका शांत बसून मला आजपर्यंत कोणी ऐकला नाय. म्हणून मी थांबलोच नाय."

बुवांनी कप खाली ठेवला. "साहेब, ती पिन..."

"माहीत हाय. तुमचा पाय दिसत होता मला."

बुवांनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

"पिन काढलीत त्याचं काय नाय. ती बरोबर जागेवर काढलीत." साहेबांनी बशी खाली ठेवली. "पण लावताना घाई झाली. एक फेरा बाकी होता माझा."

बुवांची मान ताठ झाली. अपराध, पाहुणचार, सगळं बाजूला पडलं. "अजिबात नाय. सम तिथंच होती."

"नाय बुवा, एक फेरा होता."

"मग उजवा हात घरी कशाला आणलात? दाखवा मला!"

साहेबांनी कपबशा सरकवल्या आणि टेबलावर दोन्ही हात ठेवले. बोटं मेणकापडावरून चालू लागली. बुवा पुढे झुकले, डोळे बारीक केले, मांडीवर ठेका धरला.

तेवढ्यात दार ढकलून रोहिदास आत आला. त्याच्यामागे हर्षाली होती. "बुवा, लग्नाची तारीख कोणती धरायची ते..."

"श्श!" बुवा मागे न बघता हात वर करून म्हणाले. "ऐकू दे."