चौतीस ग्रॅम साखर

बिस्किटांच्या कारखान्यात लेबल तपासणारे काका हातातलं पाकीट पुन्हा पुन्हा वाचत होते. पचायला हलकी म्हणून विकली जाणारी बिस्किटं ती. शंभर ग्रॅममागे साखर जेमतेम ३.४ ग्रॅम. छापून आली होती ३४. दशांश चिन्ह कुठेतरी गळालं होतं आणि मंजुरीवर सही काकांची होती. निवृत्तीला आठ महिने उरलेले.

त्यात नवा सरकारी नियम असा, की साखर जास्त असेल तर पाकिटाच्या दर्शनी बाजूला लाल पट्टा हवा. छपाईच्या यंत्राने आकडा वाचला आणि इमानेइतबारे पट्टा ओढला. चाळीस हजार पाकिटं दुकानांत पोचलीसुद्धा!

"लाल पट्टा बघून कुत्रं तरी हुंगेल का?" कारखान्याचे साहेब कडाडले. "सगळा माल परत मागवा. मग तुम्हीही घरी बसा!"

काकांनी पहिल्या दुकानदाराला फोन लावला.

"परत कसला मागताय? आणखी पाठवा, संपला माल!"

"लोकांनी पट्टा नाही बघितला?"

"बघूनच घेतात हो! म्हणतात, इतकी वर्षं भुसा विकत होते, आता कुठे चवीचं काढलंय."

"अहो, चव तीच आहे!"

"गोड छापलंय म्हटल्यावर गोडच लागणार!"

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. काकांना समोर बसवून चहा पाजला. पण चारच दिवसांत अन्न तपासणी अधिकारी अहवाल घेऊन दारात हजर.

"आत साखर ३.४, बाहेर ३४. ही ग्राहकाची फसवणूक आहे."

"पण अधिकारीसाहेब, आम्ही कमीच घातलीय!" काका म्हणाले.

"कमी-जास्तीशी मला कर्तव्य नाही. आतलं आणि बाहेरचं जुळलं पाहिजे. पंधरा दिवस देतो."

काकांचा जीव भांड्यात पडला. तीनतीनदा तपासून त्यांनी दुरुस्त लेबल साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते बाजूला सारलं.

"लेबलला हात लावायचा नाही. खपतंय ते."

"मग जुळवायचं कसं?"

साहेबांनी भट्टीवरच्या मुकादमाला फोन लावला. "गोदामात साखरेची पोती किती आहेत?"

पंधरा दिवसांनी अधिकारी पुन्हा आले. नवी बिस्किटं तपासून झाल्यावर त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"इतकं प्रामाणिक लेबल हल्ली बघायला मिळत नाही," ते गहिवरून म्हणाले.