दाब आणि सोड

"कीबोर्ड दोन, वादक एक! रविवारी या आणि ऐकाच!"

विलियामूने ही बढाई सवाई नावाच्या बेटावरच्या त्या गावात दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत मारून ठेवली होती. ऑकलंडच्या मावसभावाने पाठवलेला नवा कोरा कीबोर्ड त्याच्यापुढे, चर्चचा जुना कीबोर्ड गायकांच्या पलीकडे, आणि मधून दोन्हींना जोडणारी मिडीची लांबलचक वायर. वर्षानुवर्षं तो जुना वाजवणारी मारेता आता त्या जुन्याच्या शेजारी नुसतीच बसली होती. आज पाहुणे आलेले पाद्रीबाबा चर्चचा कायमचा वादक ठरवणार होते आणि विलियामूने मनातल्या मनात ती खुर्ची कधीच पटकावली होती.

"या वायरीतून आवाज जातो होय रे, विली?" मारेताने आधी विचारलं होतं.

"छे गं ताई! आवाज कसला, हुकूम जातात. मी पट्टी दाबली की 'दाब', उचलली की 'सोड'. तुझा म्हातारा कीबोर्ड मुकाट ऐकतो."

"आणि 'सोड' पोचलंच नाही तर?"

"न पोचायला काय झालं!"

स्तोत्र झकास झालं. "प्रार्थना करू या," म्हणत पाद्रीबाबा उभे राहिले. शेवटच्या सुरावर एक बोट तसंच ठेवून विलियामूही ऐटीत उठला, पाय वायरीत अडकला आणि वायर सटकन निघाली! मग त्याने बोट उचललं. नवा कीबोर्ड गप्प झाला. जुन्याला 'दाब' मिळालं होतं, 'सोड' काही मिळालं नाही. तो आपला ऊंऽऽऽ करत बसला!

प्रार्थनेत जागचं हलायची सोय नाही. पाद्रीबाबांना तर तो सूर म्हणजे गावाची भक्तीच वाटली. त्यांना भरतं आलं. आजारी माणसं झाली, परदेशी गेलेली पोरं झाली, नारळ झाले, गावातली डुकरं झाली. बाहेर उमूच्या भट्टीतल्या तापल्या दगडांवर दुपारच्या जेवणाचं डुक्कर भाजत होतं, त्याला मात्र आता कसलीच प्रार्थना वाचवणार नव्हती. करपल्याचा वास आत आला तशी अख्ख्या गावाने एकेक डोळा उघडून विलियामूकडे पाहिलं.

"ताई, बटण बंद कर ना!" तो गायकांच्या आडून कुजबुजला.

"मी कोण बाई? वादक एकच ना?" मारेताचे डोळे मिटलेलेच.

"मी चुकलो गं! स्तोत्रं तूच वाजव, कायमची!"

टक्. सूर थांबला, तशी प्रार्थनाही थांबली.

"आमेन! हा सूर धरला कुणी?" पाद्रीबाबांनी गहिवरून विचारलं.

"विलीनं!" मारेता म्हणाली. "स्तोत्रं मी वाजवते, एवढा एक सूर त्याचा."

"वा! मग दर रविवारी असंच होऊ द्या!"

त्या दिवशी गाव करपलेलं डुक्कर जेवलं आणि विलियामूशी कुणी बोललं नाही. हल्ली दर रविवारी प्रार्थनेला तो ऐटीत बसतो आणि एक पट्टी दाबून धरतो. सोडायची कधी, ते मारेता सांगते.