आद्य राणीसाहेबांच्या डेऱ्याची हकीकत

कुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, घडले ते झाकले नाही, न घडले ते जोडले नाही, ऐशी ही हकीकत. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, वैशाख मास. गडावर राज्य नांदत होते. आद्य राणीसाहेबांनी आपले हाते ज्यात दही विरजिले, तो मातीचा डेरा दहीघरात होता, आणि तो कधी धुवावयाचा नाही, विस्तवाजवळ न्यावयाचा नाही, ऐशी चाल. कां जे राणीसाहेबांचा हात त्यात नांदतो. प्रजेने घरोघर त्याचेच विरजण न्यावे, आणि लेकीने सासरी जाताना तेच सोबत न्यावे. ज्यावर सरकारची इतराजी, त्याचे विरजण बंद. याहून थोर दंड नव्हता.

डेऱ्याची राखण म्हाळसाबाईंकडे. त्यांची एकुलती लेक चिमाऊ, तिचे लग्न अक्षय्यतृतीयेस घाटाखालच्या राज्यात जाहले, मग बाईंनी गाडग्यात विरजण घालून, फडके बांधून तिचे ओटीत दिले आणि डोळ्याचे पाणी खळेना.

मग गडावर विपरीत वर्तले. पोटे मुरडून ज्वर येई, गर्भिणींचे गर्भ गळत, मुले पाळण्यात गार मिळत. दही मात्र गोड, घट्ट, सुरीने कापावे ऐसे. वैद्य म्हणाले, "ताकावाचून काही देऊ नका." मग बाईंनी घरोघर ताक पोचविले, आणि जेथे ताक अधिक गेले तेथे रडणे अधिक उठले. दहीघराशी कुत्री येत, वास घेत आणि शेपूट घालून मागे फिरत. एक राणोजी लोहाराचे घर सुखरूप. लोक म्हणू लागले, "करणी याचीच." मग पलिते घेऊन जमाव निघाला, बाई आघाडीस.

दारी राणोजीची बायको हात जोडून उभी. "बाई, आमी कसली करनी करतो? महाराजांच्या घोड्याचा नाल वाकडा बसला, तवापासनं इरजन बंद हाय. तुमच्या दह्याचं बोटसुदिक लेकरांस्नी लागलं न्हाई."

ऐकताच बाईंचे हातून पलिता गळाला. तैशाच फिरल्या आणि दहीघरी येऊन डेऱ्यात पाहतात तो दही शुभ्र, निश्चल, आणि मधोमध पाच बोटांचे खळगे. बाईंस भय वाटले, परंतु मुसळ घालून डेरा फोडिला. महाराज धावत आले, म्हणाले, "बाई, राज्य बुडविलेत."

"राज्य वाचेल, महाराज. माझी चिमाऊ?"

इतक्यात घाटाखालून व्याह्यांचा स्वार साखर घेऊन आला आणि मुजरा करून बोलला, "सूनबाईंचे दही सर्वांस फार आवडले. गावभर विरजण दिले. सूनबाईंस कालपासून जरा ज्वर आहे, वैद्य ताक देत आहेत."

येणेप्रमाणे गडावरील रोग शमला. राणोजीचा दंड माफ जाहला. डेऱ्याचे खापर सरकारांनी देव्हाऱ्यात ठेविले, ते भर उन्हाळ्यातही ओले असते. म्हाळसाबाई मुसळ घेऊन त्याच पावली घाट उतरल्या. त्या पोचल्या किंवा नाही, हे गडास कळले नाही.